पेटंटचा वर्ग कसा ओळखावा: रसायन आणि धातुकाम करणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीचे मालक एकदा माझ्याकडे दोनशे पानी वही घेऊन आले. एस.जी. आयर्नच्या (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडाच्या) ओतिवात पोकळी राहू नये म्हणून लॅडलच्या (रस वाहून नेण्याच्या भांड्याच्या) तळाशी मॅग्नेशियमयुक्त मिश्रण ठेवण्याची आणि त्यावर वितळलेल्या लोखंडाचा रस ओतण्याची त्यांची स्वतःची रीत होती, आणि प्रत्येक हीटचे, म्हणजे भट्टीतून एका वेळी काढलेल्या रसाचे, तापमान, मिश्रणाचे वजन आणि ओतण्याला लागलेला वेळ त्यांनी वहीत टिपून ठेवला होता. "सर, हे नवीन आहे की आधी कुणी केलंय, तेवढंच सांगा की ओ," असे ते म्हणाले. त्यांच्या मुलाने संगणकावर कास्ट आयर्न, मॅग्नेशियम, श्रिंकेज असे शब्द टाकून बरेच दिवस शोध घेतला होता. परंतु निकालांची यादी इतकी लांब येत होती की कामाचे कोणते आणि बिनकामाचे कोणते हेच त्याला ठरवता येत नव्हते. मी त्यांना सर्वांत आधी शब्द बाजूला ठेवायला सांगितले आणि पेटंटच्या वर्गीकरणाकडे वळवले. ते काम कसे करायचे, हे या लेखात क्रमाने सांगतो.

शब्दांवर भिस्त का ठेवता येत नाही, हे आपल्या सीमाभागातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. आपण घरी ज्याला गूळ म्हणतो, त्याला शेजारी बेल्ल म्हणतो. जुना कारागीर ज्याला बीड म्हणतो, त्याला ड्रॉइंगवर सी.आय. (कास्ट आयर्न) लिहिलेले असते. पेटंटच्या कागदपत्रांत हाच घोळ जपानी, जर्मन, चिनी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत मिळून झालेला असतो. शिवाय पेटंट लिहिणारा मनुष्य आपल्या शोधाची व्याप्ती मोठी राहावी म्हणून मुद्दाम सैल शब्द वापरतो. कीथ मिलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एस.जी. आयर्नसाठी १९४९ साली अमेरिकेत जे मूळ पेटंट मिळाले, त्याचे शीर्षक 'कास्ट फेरस अलॉय' एवढेच आहे. फौंड्रीत रोज वापरले जाणारे एस.जी. किंवा डक्टाइल हे शब्द त्या शीर्षकात नाहीत. मात्र वर्गाचे चिन्ह कोणत्याही भाषेतील पेटंटवर तेच असते, आणि ते शीर्षकावरून न ठरता आतील तांत्रिक आशयावरून ठरते.

हे आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरण १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आले आणि त्याचा कारभार जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटना पाहते. सगळे तंत्रज्ञान त्यात ए ते एच अशा आठ विभागांत मांडलेले आहे. ए मध्ये शेती, अन्न, औषध अशा माणसाच्या गरजा. बी मध्ये निरनिराळ्या प्रक्रिया आणि वाहतूक. सी मध्ये रसायन आणि धातुशास्त्र. डी मध्ये कापड आणि कागद. ई मध्ये बांधकाम. एफ मध्ये यंत्रे. जी मध्ये भौतिकशास्त्र. आणि एच मध्ये वीज. विभागाच्या पोटात वर्ग, त्याच्या पोटात उपवर्ग, मग मुख्य गट आणि शेवटी उपगट, अशी उतरण असते. उदाहरणार्थ, सी २२ सी ३७/०४ हे चिन्ह घेऊ. पहिला सी हा विभाग, २२ हा धातुशास्त्राचा वर्ग, दुसरा सी हा मिश्रधातूंचा उपवर्ग, ३७ हा बिडाच्या मिश्रधातूंचा मुख्य गट आणि तिरक्या रेघेनंतरचे ०४ म्हणजे गोलाकार ग्रॅफाइट असलेले बीड, अर्थात आपले एस.जी. आयर्न. रेघेनंतर ०० असेल तर तो मुख्य गट समजावा. शोधाच्या चौकटीत ही अक्षरे अर्थातच रोमन लिपीत टाकावी लागतात.

सी विभागाची रचना एकदा शांतपणे वाचून काढावी. तासाभराचे काम आहे आणि ते पुन्हा करावे लागत नाही. सी ०१ ते सी १४ हा रसायनाचा भाग आहे. अकार्बनी रसायन ०१ मध्ये, पाणी आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया ०२ मध्ये, काच ०३ मध्ये, सिमेंट आणि मातीकाम ०४ मध्ये, खते ०५ मध्ये, कार्बनी संयुगे ०७ मध्ये, प्लॅस्टिकसारखे बहुवारिक पदार्थ ०८ मध्ये, रंग आणि चिकटवण्याचे पदार्थ ०९ मध्ये, इंधने आणि वंगणे १० मध्ये, किण्वन आणि जैवरसायन १२ मध्ये, साखर १३ मध्ये, आणि कातडे १४ मध्ये. त्यानंतर क्रमांकांत मोठी फट आहे, आणि सी २१ पासून धातुशास्त्र सुरू होते: लोखंड २१, इतर धातू आणि मिश्रधातू २२, धातूवरील थर २३, विजेच्या साह्याने होणाऱ्या रासायनिक प्रक्रिया २५, स्फटिकांची वाढ ३०.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील बहुतेक फौंड्रीवाले नेमके येथेच चुकतात. धातूचे ओतकाम धातुशास्त्राच्या सी विभागात नाही. ते बी विभागात आहे. साचे आणि कोअर (ओतिवात पोकळ जागा ठेवण्यासाठी साच्यात बसवायचा वाळूचा भाग) बी २२ सी मध्ये, ओतण्याची क्रिया बी २२ डी मध्ये, आणि धातूच्या भुकटीपासून वस्तू बनवणे बी २२ एफ मध्ये आहे. कोअरच्या वाळूत बांधणीसाठी मळी मिसळण्याची जुनी पद्धत आपल्या भागातील कारागिरांना ठाऊक आहे. तशा मिश्रणात कोणी सुधारणा केली, तर ती साखरेच्या सी १३ मध्ये जात नाही आणि लोखंडाच्या सी २१ मध्येही जात नाही. कर्बोदकांच्या बांधणीद्रव्यांसाठी असलेल्या बी २२ सी १/२६ मध्ये जाते. मळी कारखान्यातून आली याला वर्गीकरणात महत्त्व नाही, साच्यात ती काय काम करते याला आहे.

म्हणून वर्ग शोधण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझ्या कामात नवीन नेमके काय आहे? पदार्थाची घडण नवीन आहे, तो बनवण्याची रीत नवीन आहे, त्यासाठीचे यंत्र नवीन आहे, की जुन्याच पदार्थाचा उपयोग नवीन आहे? पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरचे, म्हणजे आत फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाचे, उदाहरण घेतो. इम्पेलरसाठी नवा मिश्रधातू तयार केला, तर तो सी २२ सी मध्ये जातो. पात्यांचा बाक बदलून पंप कमी विजेवर चालवला, तर ती सुधारणा पंपांच्या एफ ०४ डी २९ या गटात जाते. आणि बाजारात मिळणाराच धातू, परंतु विशिष्ट पाण्यासाठी विचारपूर्वक निवडला असेल, तर त्या एफ ०४ डी २९ मध्येच साहित्याच्या निवडीसाठी २९/०२ अशी स्वतंत्र जागा आहे. वस्तू एकच असली तरी नवेपणा कुठे आहे यावर जागा बदलते. हे उत्तर एका वाक्यात कागदावर लिहून मगच पुढे जावे. माझ्या अनुभवात हे वाक्य लिहायला लोकांना सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ वाया जात नाही.

जस्ताच्या थराचेही असेच आहे. गंजू नये म्हणून लोखंडी भाग वितळलेल्या जस्तात बुडवला, तर सी २३ सी २/०६. जस्ताच्या द्रावणात वीज सोडून थर चढवला, तर सी २५ डी ३/२२. आणि जस्ताची पूड घातलेला गंजरोधक रंग लावला, तर सी ०९ डी ५/१०. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तिन्ही भाग 'झिंक केलेले' असतात. केवळ झिंक हा शब्द टाकून शोधणाऱ्याला तिन्हींचा एकत्र ढीग मिळतो.

मिश्रधातूंसाठी सी २२ सी मध्ये एक नियम आहे, तो पाठच करावा. एखाद्या धातूवर 'आधारित' मिश्रधातू असे म्हणायचे असेल, तर त्या धातूचे वजनी प्रमाण किमान ५० टक्के असले पाहिजे. निम्म्याहून अधिक ॲल्युमिनियम असेल तर गट २१, तांबे असेल तर गट ९. तांब्याच्या गटात कथिल हा दुसरा मोठा घटक असेल तर ९/०२, जस्त असेल तर ९/०४. म्हणजे कासे आणि पितळ येथे वेगळे होतात. लोखंडाधारित मिश्रधातूंत बीड गट ३७ मध्ये आणि पोलाद गट ३८ मध्ये जाते. कोणताच घटक ५० टक्क्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर गट ३० आहे. चार-पाच धातू जवळपास सारख्या प्रमाणात मिसळून जे मिश्रधातू केले जातात, त्यांच्यासाठी ही जागा तपासल्याशिवाय शोध पुरा झाला असे समजू नये. मिश्रधातूवरील हीट ट्रीटमेंट मात्र येथे येत नाही: लोखंडाची सी २१ डी मध्ये आणि इतर धातूंची सी २२ एफ मध्ये जाते. उपवर्गाच्या शीर्षकातच तशी सूचना दिलेली असते. वर्गीकरणाच्या पानांवर शीर्षकांखाली लहान अक्षरांत टिपा असतात आणि घाईत त्या वाचायच्या राहून जातात. हा ५० टक्क्यांचा नियमही अशाच एका टिपेत आहे.

उपगटांची उतरण त्यांच्या आकड्यांवरून कळत नाही, तर शीर्षकापुढील ठिपक्यांवरून कळते. पोलादाच्या गटात ३८/१८ पुढे एक ठिपका आहे आणि त्याचा अर्थ 'क्रोमियम असलेले' असा आहे. ३८/४० पुढे दोन ठिपके असून तेथे फक्त 'निकेलसह' असे म्हटलेले आहे. ३८/४४ पुढे तीन ठिपके आहेत आणि तेथे 'मॉलिब्डेनम किंवा टंगस्टनसह' असे आहे. शेवटच्या जागेचा पूर्ण अर्थ लागण्यासाठी वरच्या पायऱ्या जोडून वाचाव्या लागतात: क्रोमियम, निकेल आणि त्यासोबत मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन असलेले लोखंडाधारित मिश्रधातू. डेअरी आणि रासायनिक कारखान्यांत वापरले जाणारे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील याच जागी बसते. एक ठिपकेवाले शीर्षक सुटले, की खालच्या सगळ्या ओळी अर्धवट वाटू लागतात.

आपल्या जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखाने भरपूर असल्यामुळे एका कारखान्याच्या आवारातून एक फेरी मारून पाहू. उसातून रस काढणे सी १३ बी १० मध्ये येते. रस स्वच्छ करणे सी १३ बी २० मध्ये येते, आणि चुन्यानंतर गंधकाचा वायू सोडण्याची सल्फिटेशनची पद्धतही त्याच गटाच्या उपगटांत सापडते. साखरेचे दाणे बांधणे सी १३ बी ३० मध्ये आहे. येथपर्यंत सर्व एका घरात आहे. परंतु मळी डिस्टिलरीत गेली की घर बदलते. किण्वनाने इथेनॉल करणे सी १२ पी ७/०६ मध्ये जाते. त्या इथेनॉलपासून इंधनाचे मिश्रण केले, तर सी १० एल पाहावे. डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केली, तर सी ०२ एफ. त्या सांडपाण्यापासून किंवा प्रेसमडपासून (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) खत केले, तर सी ०५ एफ ५/००, ज्याच्या शीर्षकातच डिस्टिलरी आणि साखर कारखान्याच्या टाकाऊ द्रव्यांचा उल्लेख आहे. चिपाडापासून कागदाचा लगदा केला तर विभागच बदलतो आणि डी २१ मध्ये जावे लागते. साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, की प्रकल्पाचा विषय निवडल्यावर आधी त्याचे घर शोधावे. साखर कारखान्यात घडते म्हणून सगळे सी १३ मध्ये असेल असे गृहीत धरू नये.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत असाच घोटाळा होतो. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा कारखाना बेळगावात आहे, त्यामुळे हा विषय आपल्याकडील विद्यार्थी हौसेने घेतात आणि सरळ धातुशास्त्रात शोधायला लागतात. परंतु ॲल्युमिना हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड आहे, ते अजून धातू झालेले नसते. कॉस्टिक सोड्यात बॉक्साइट विरघळवण्याची बायर पद्धत म्हणूनच अकार्बनी रसायनाच्या सी ०१ एफ ७ मध्ये आहे. त्या ऑक्साइडवर वितळलेल्या स्थितीत विजेची क्रिया करून धातू वेगळा करणे सी २५ सी ३/०६ मध्ये येते, आणि त्या धातूत सिलिकॉन किंवा तांबे मिसळले की सी २२ सी २१ सुरू होते. खाणीतील दगडापासून मिश्रधातूपर्यंतच्या वाटेवर असे तीन वेगवेगळे वर्ग लागतात.

आता प्रत्यक्ष शोध. जिनिव्हाच्या संघटनेचे पेटंटस्कोप, युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसुविधा या तिन्ही ठिकाणी विनामूल्य शोध घेता येतो. सुरुवातीला शब्द वापरायला हरकत नाही. परंतु उद्देश एवढाच ठेवावा, की आपल्या कामाशी अगदी जवळचे एक किंवा दोन पेटंट हाती लागावेत. ते मिळाले की पहिल्या पानावर (५१) हा आकडा शोधावा. जगभर पेटंटच्या पहिल्या पानावर वर्गीकरणाची चिन्हे याच आकड्यापुढे छापलेली असतात. शीर्षकासाठी (५४) आणि सारांशासाठी (५७) असतो. चिन्हापुढे कंसात २००६.०१ असे काही असेल, तर ती पेटंटची तारीख नव्हे. वर्गीकरणाच्या ज्या आवृत्तीत ती जागा आली किंवा तिच्यात महत्त्वाचा बदल झाला, तिचे वर्ष आणि महिना आहे. मग ते चिन्ह वर्गीकरणाच्या तक्त्यात उघडावे, मुख्य गटापासून खाली प्रत्येक ओळ वाचावी, शेजारच्या जागाही पाहाव्यात, आणि त्यानंतर शब्द न टाकता केवळ चिन्हाने पुन्हा शोध घ्यावा. यादी फार मोठी आली, तरच एखादा शब्द जोडावा.

फौंड्रीच्या त्या वहीचे आम्ही असेच केले. मुलाने आधीच काढून ठेवलेल्या यादीतील दोन पेटंट विषयाला धरून होते. त्यांच्या (५१) पासून सुरुवात केली आणि शेवटी चार जागा कागदावर आल्या. एस.जी. आयर्न तयार करण्याची प्रक्रिया सी २१ सी १/१० मध्ये. मॅग्नेशियम मिसळण्याच्या रीतीसह बिडाचे मिश्रधातू बनवणे सी २२ सी ३३/१० मध्ये. तयार पदार्थ म्हणून गोलाकार ग्रॅफाइटचे बीड सी २२ सी ३७/०४ मध्ये. आणि ओतण्यापूर्वी लॅडलमध्ये रसावर केलेली क्रिया बी २२ डी १/०० मध्ये. यांपैकी शेवटची जागा आमच्या मनातही आली नव्हती. ती एका जुन्या पेटंटच्या पहिल्या पानावर दिसली, आणि वहीतील कामाशी सर्वांत जुळणारे साहित्य तिथेच होते. एका शोधाला अनेक चिन्हे दिलेली असतात, ती याचसाठी. त्यामुळे एक जागा सापडल्यावर थांबू नये.

याच्या जोडीला सहकारी पेटंट वर्गीकरण वापरावे. युरोपीय आणि अमेरिकी कार्यालयांनी ते २०१३ पासून एकत्र चालवले आहे. त्याचा सांगाडा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचाच आहे, परंतु उपगट कितीतरी अधिक बारीक आहेत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जेथे सी २१ सी १/१० एवढेच आहे, तेथे सहकारी वर्गीकरणात ग्रॅफाइट गोलाकार करणाऱ्या द्रव्यांसाठी १/१०५ अशी वेगळी जागा मिळते. वहीतील नवेपणा मिश्रणाच्या घडणीत असता, तर आम्ही तेथेच मुक्काम केला असता.

जुनी भारतीय पेटंट शोधताना कायद्याचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ५ नुसार रासायनिक प्रक्रियेने तयार होणाऱ्या पदार्थांना पेटंट मिळत नसे, केवळ ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. आणि त्या पदार्थांत मिश्रधातूंचा स्पष्ट उल्लेख होता. १ जानेवारी २००५ पासून ही मर्यादा उठली. याचा परिणाम असा, की त्याआधीच्या भारतीय पेटंटमध्ये नवा मिश्रधातू असला, तरी दावे त्याच्या निर्मितीच्या पद्धतीचे असतात. जुन्या काळासाठी सी २२ सी ३७ किंवा ३८ पाहून थांबू नये, बनवण्याच्या रीतीची जागा असलेला गट ३३ आणि सी २१ हेही उघडावेत.

अर्ज करताना वर्गाचे चिन्ह अर्जदाराला ठरवून द्यावे लागत नाही; ते काम पेटंट कार्यालय करते आणि त्या विषयाच्या परीक्षकाकडे अर्ज पाठवते. सीमाभागातील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की बेळगाव, खानापूर किंवा निपाणीतील अर्जदाराचे कार्यालय चेन्नई आहे आणि पलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापुरातील अर्जदाराचे मुंबई. दोन्हीकडे वर्गीकरण एकच असते, त्यामुळे शिरोळीचा फौंड्रीवाला आणि उद्यमबागेचा फौंड्रीवाला एकाच चिन्हाखाली एकमेकांना सापडतात. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, म्हणून आज घेतलेल्या शोधात गेल्या दीड वर्षातील बरेचसे अर्ज दिसणार नाहीत. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते आणि त्यातही प्रत्येक अर्जापुढे (५१) खाली चिन्हे दिलेली असतात. फौंड्रीच्या मालकांनी ती चार चिन्हे वहीच्या मलपृष्ठाच्या आत रोमन अक्षरांत लिहून घेतली आहेत, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी भट्टी बंद झाल्यावर त्यांचा मुलगा जर्नलमध्ये ती शोधतो.